त्या दिवशी पाणी किती होतं?

"वारा कुठला होता?"

माझ्या वहीत सोळा प्रश्न लिहिलेले होते. त्यातला पहिला मी विचारला आणि उत्तराऐवजी समोरून हा प्रश्न आला. कमांडर साहेब ओटीवरच्या झोपाळ्यावर बसले होते. नौदलातून निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झाली, तरी शेजारच्या भिंतीवर आजही सागरी नकाशा आहे, आणि त्यावर मुंबईपासून मुरुडपर्यंतची प्रत्येक खोली आकड्यात छापलेली आहे.

"खांदेरीची लढाई विचारताय ना? मग आधी सांगा, त्या दिवशी वारा कुठला होता? पाणी किती होतं? भरती की ओहोटी? उधाण की भांग?"

मला यातलं काहीच सांगता आलं नाही. उधाण म्हणजे पुनव-अवसेची मोठी भरती-ओहोटी आणि भांग म्हणजे अष्टमीच्या आसपासची लहान, एवढंच ऐकून माहीत होतं. मी अलिबागजवळच्या एका गावात वाचनालय सांभाळते. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत मराठ्यांचे १२ किल्ले गेले. त्यातले खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे चार पाण्याशी खेळणारे, आणि खांदेरी तर आमच्या किनाऱ्यावरून रोज दिसणारी. गावात फलक लागले, मिरवणूक निघाली. नंतर वाचनालयाच्या बैठकीत ठरलं, की दिवाळीत खांदेरीच्या लढाईवर कार्यक्रम करायचा. भाषण नको, जाणकारांशी गप्पा मारायच्या, त्या ध्वनिमुद्रित करायच्या आणि पाडव्याच्या संध्याकाळी अंगणात ऐकवायच्या. ते काम माझ्याकडे आलं.

तोवर मला माहीत होतं ते एवढं. १६७९ च्या पावसाळ्यात शिवाजी महाराजांनी खांदेरी बेट बांधायला घेतलं. त्यांच्या आरमारातला मायनाक भंडारी दीडेकशे माणसं आणि चार लहान तोफा घेऊन तिथे उतरला. मुंबईच्या इंग्रजांना हे खपणं शक्य नव्हतं, कारण खांदेरी त्यांच्या बंदराच्या वाटेवर. सप्टेंबरमध्ये त्यांनी नाकेबंदी सुरू केली, त्यात १९ तारखेला बेटावर उतरू पाहणारा लेफ्टनंट थॉर्प मारला गेला. १८ ऑक्टोबरला मोठी लढाई झाली. पहाटे चौल-नागावच्या बाजूने मराठ्यांचा सरदार दौलतखान याचं आरमार इंग्रजांवर चालून आलं. ते इतक्या वेगाने आलं, की इंग्रजांना नांगर उचलायलाही जेमतेम वेळ मिळाला. अर्ध्या तासाच्या आत त्यांची डव्ह नावाची गुराब, म्हणजे देशी बांधणीचं लढाऊ गलबत, मराठ्यांनी धरली. बाकीची गलबतं लांब राहिली, आणि मिंचिन आणि केग्विन हे इंग्रज अधिकारी ज्या जहाजावर होते ते रिव्हेंज एकटं झुंजत राहिलं. मग त्याने मराठ्यांच्या गलबतांचा नागोठण्याच्या खाडीच्या तोंडापर्यंत पाठलाग केला. शेवटी १६८० च्या जानेवारीत इंग्रज तह करून निघून गेले, खांदेरी राहिली.

हे सगळं मला पाठ होतं. माझे सोळा प्रश्न याच्याच पुढचे होते: मराठे का जिंकले, महाराजांची दूरदृष्टी कशी होती, असे. कमांडर साहेबांनी ते वाचले आणि म्हणाले, "यांची उत्तरं तुम्हाला आधीच माहीत आहेत. मला कशाला विचारता?"

मला लागलं ते. पण ते बरोबर होते.

मग त्यांनी पेन घेतलं आणि माझ्याच वहीत हिशेब मांडला. दीडशे माणसं. प्यायला आणि रांधायला माणशी रोज चार लिटर पाणी धरा. म्हणजे रोजचे सहाशे लिटर. पावसाळ्यात आभाळातून मिळेल, टाक्यांत साठेल, पण धान्य? लाकूडफाटा? दारूगोळा? चुना? बेट किनाऱ्यापासून साधारण पाच किलोमीटरवर, आणि मध्ये इंग्रजांची जहाजं फिरतायत. "लढाई एक सकाळ चालली. रसद चार महिन्यांहून जास्त चालली. जिंकलं ते रसदीनं." इंग्रजांची मोठी जहाजं खोल पाण्यात होती. किनाऱ्याला लागून, खडपांच्या अंगाने, रात्रीच्या अंधारात थळच्या बाजूने होड्या सामान घेऊन सुटत, आणि त्यांच्या मागे जायचं तर रिव्हेंजचा तळ जमिनीला लागायचा. नाकेबंदी कागदावर होती. पाण्यावर तिला भोकं होती.

लढाईचं तंत्रही त्यांनी असंच उलगडलं. दोन आगपेट्या आणि एक चष्म्याचं घर घेतलं. चष्म्याचं घर म्हणजे रिव्हेंज. त्याच्या तोफा दोन्ही अंगांना. "आता अंगावर जाल तर मराल. पण नाळेसमोर, म्हणजे पुढच्या टोकासमोर, किंवा मागच्या बाजूला राहिलात तर त्याच्या बहुतेक तोफा तुमच्याकडे वळत नाहीत. आणि तुमची तोफ तर नाळेवरच आहे, म्हणजे ज्या तोंडानं पुढे जाल त्याच तोंडानं गोळा. फक्त त्याला वळू द्यायचं नाही. तो शिडावर वळतो, तुम्ही वल्ह्यावर. वारा पडला की तो ओंडका, तुम्ही मोकळे." आगपेट्या त्यांनी चष्म्याच्या घराच्या शेपटाकडे सरकवल्या. "म्हणून विचारलं, वारा कुठला होता."

मला राहवलं नाही. मी १९७१ चं काढलं. ४ डिसेंबरच्या रात्री निपात, निर्घात आणि वीर या तीन लहान क्षेपणास्त्र नौकांनी ट्रायडेंट या मोहिमेत कराचीवर हल्ला केला, म्हणून तो दिवस नौदल दिन. लहान होड्यांनी मोठ्यांना गाठायचं, हे खांदेरीसारखंच नाही का? साहेब थोडा वेळ गप्प बसले. सारखेपणा मोहात पाडतो, असं म्हणाले. त्या नौकांचा पल्ला कमी होता, त्या किनाऱ्याच्या रक्षणासाठी बांधलेल्या, म्हणून त्यांना ओढत नेण्याचा मार्ग नौदलाने काढला. विचार करण्याची तऱ्हा एक असेल, पण वल्ह्याची होडी म्हणजे क्षेपणास्त्र नौका नव्हे. आणि मग आवाज खाली आणून: "ट्रायडेंट सांगाल तर आपली बुडालेली युद्धनौका खुकरीही सांगा. पाच दिवसांनी, ९ तारखेला, दीवजवळ. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. कप्तान मुल्ला जहाजाबरोबर गेले. एक सांगून दुसरं गाळायचं नाही."

हे मी वहीत लाल पेनने लिहिलं.

घरी आल्यावर त्या रात्री मी त्यांचा पाण्याचा प्रश्न हातात घेतला. भरतीचं गणित चंद्रावर चालतं, आणि १६७९ चा चंद्र काढता येतो. संगणकावरच्या पंचांगात मी १८ ऑक्टोबर १६७९ घातलं. उत्तर आलं कोजागिरीच्या आसपासचं. अंगावर काटा आला. कोजागिरी! म्हणजे टिपूर चांदणं, म्हणजे उधाणाची भरती, म्हणजे मोठ्या पाण्यावर स्वार होऊन आलेलं आरमार. मी त्याच रात्री कार्यक्रमाची सुरुवात लिहून काढली. वाचून दाखवली तर बैठकीत टाळ्या पडल्या.

दोन दिवसांनी साखर-आक्षीला गेले, नाखवांकडे. नाखवांची बोट तीन पिढ्यांची, आता लाकडी आहे पण मशीनची. ते बंदरात जाळं विणत बसले होते. मला बाकीच्यांसारखंच त्यांनाही विचारायचं होतं. खरं सांगायचं तर मनात होतं, की यांच्याकडून थोडा रंग मिळेल, दोन शब्द दर्याचे मिळतील. जाणकार म्हणजे साहेब आणि मोडी वाचणारे सर, असंच मी धरून चालले होते.

मी माझी कोजागिरी त्यांना सांगितली. त्यांनी सुई थांबवली नाही.

"पाटे आले बोलतेस ना?"

"हो. उजाडताना."

"नाय जमत बाय. कोजागिरीला पाटे बंदरान पानी नसतं. होऱ्या चिखलान बसल्या असत्या."

मग त्यांनी मला ते गणित सांगितलं, जे शाळेत कुणी शिकवलं नव्हतं. तिथीला तिनाने गुणायचं, चाराने भागायचं. येईल तो भरतीचा तास. पुनवेला पंधरा त्रिक पंचेचाळीस, भागिले चार, सव्वाअकरा. म्हणजे भरती दुपारी आणि मध्यरात्रीकडे, आणि पहाटे पाच-सहाला सुकती, म्हणजे ओहोटी. आणि उधाणाची सुकती म्हणजे पाणी पार खाली. त्यांनी समोर बोट दाखवलं. तेव्हाही पाणी उतरत होतं, खाडीच्या तोंडाशी वाळूचा दांडा उघडा पडायला लागला होता आणि त्यावर बगळे उतरले होते. कोजागिरीच्या पहाटे नागावच्या किंवा रेवदंड्याच्या खाडीतून चाळीस-पन्नास होड्या बाहेर काढायच्या तर आदल्या मध्यरात्रीच्या भरतीला काढून उघड्या दर्यात उभ्या ठेवायला लागतील, आणि टिपूर चांदण्यात त्या मुंबईवाल्यांना दिसतील.

"मंग कवा येतील?" मी त्यांच्याच सुरात विचारलं.

"भांगाला. भांगाला सुकती फार उतरत नाय. कवा पन निगा. पान्याला वडा पन नसतो, वल्ह्याला तरास नाय."

मी हे सगळं ध्वनिमुद्रित केलं होतं. घरी येऊन ऐकलं तर नुसता वाऱ्याचा भडभडाट. माणसाचा एक शब्द धड ऐकू येत नव्हता. जेमतेम "चिखलान बसल्या असत्या" तेवढं लागत होतं. माझी तयारी कमी पडली. पुढच्या वेळी माइकवर स्पंजची टोपी आणि वर सुती रुमाल, हे तिथून शिकले. पण त्या दिवशी मला खरी चिंता आवाजाची नव्हती. इंग्रजांची तारीख आणि नाखवांचं पाणी, दोन्ही खरं असणं शक्य नव्हतं.

सरांकडे गेले. सर मोडी वाचतात, फारसीही थोडी जाणतात, इंग्रजांच्या मुंबई-सुरतेच्या पत्रांचे खंड त्यांच्या घरात खाटेखाली आहेत. मी अडचण सांगितली. त्यांनी एकच विचारलं.

"ताई, १८ ऑक्टोबर कुणाच्या कॅलेंडरची?"

इंग्लंडने आजचं कॅलेंडर १७५२ मध्ये घेतलं. त्याआधी ते जुनं चालवत, आणि सतराव्या शतकात दोहोंत १० दिवसांचा फरक होता. मुंबईच्या इंग्रजांची १८ तारीख म्हणजे आपल्या आजच्या हिशेबाने २८. मी तिथेच फोनवर पंचांग उघडून तारीख बदलली. अश्विन वद्य नवमीच्या आगेमागे. म्हणजे दिवाळीच्या पाचेक दिवस आधी. म्हणजे भांग.

नऊ त्रिक सत्तावीस, भागिले चार. पावणेसात. उजाडायच्या वेळेला भरती पूर्ण, आणि भांगाची म्हणून शांत.

सरांसमोर माझ्या डोळ्यांत पाणी आलं, लपवत नाही. ज्यांनी कागद पाहिला नव्हता त्यांनी पाण्यावरून कागदातली चूक, म्हणजे मी कागद वाचण्यात केलेली चूक, जाळं विणता विणता पकडली होती. सर मात्र हरखले नाहीत. म्हणाले, "छान जुळलं. पण जुळलं म्हणजे सिद्ध झालं असं नाही. दौलतखानाने तिथी बघून दिवस नेमला, असं म्हणू नका. त्या दिवशी पाणी त्यांना सोयीचं होतं, एवढंच म्हणा. पुढचं आपलं अनुमान आहे, आणि ते अनुमान म्हणूनच ऐकवायचं." कार्यक्रमात मी हे वाक्य जसंच्या तसं ठेवलं. लढायांवर बोलताना आपल्याकडे हेच सुटतं असं मला वाटतं. अनुमानाला आपण पुरावा म्हणतो, आणि कुणी विचारलं तर त्याच्या निष्ठेवर शंका घेतो.

त्याच दुपारी सरांनी आणखी एक पत्र काढलं. महाराजांनी प्रभावळीचा सुभेदार जिवाजी विनायक याला लिहिलेलं. विषय पद्मदुर्गाचा. जंजिऱ्याच्या सिद्दीच्या नाकासमोर किल्ला उभा राहतोय, दौलतखान आणि दर्यासारंग आरमार घेऊन तिथे आहेत, आणि सुभेदाराने ठरलेला ऐवज आणि धान्य पोचवलेलं नाही. पत्रातला राग आजही कागदातून चटका देतो. ब्राह्मण म्हणून तुमचा मुलाहिजा कोण करतो, असं महाराज विचारतात. सर पत्र वाचत होते आणि मला कमांडर साहेबांचा वहीतला सहाशे लिटरचा हिशेब आठवत होता. तोफांचा आवाज सगळ्यांना ऐकू येतो. धान्याचं पोतं वेळेवर न पोचल्याचा आवाज राजाला ऐकू आला होता.

आरमाराची लाकडं कुठून आणावी यावरही रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात लिहिलंय, हे सरांनी सांगितलं. आंबा-फणसाचं लाकूड कामाचं, पण त्याला हात लावू द्यायचा नाही, कारण ती झाडं वर्षा दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने लेकरासारखी वाढवलेली असतात. यावर स्वतंत्र कार्यक्रम व्हायला हवा. इथे फक्त नोंद करते.

आता उरला वारा. मी परत नाखवांकडे गेले, या वेळी स्पंजची टोपी घेऊन. माझा समज असा, की पहाटे जमिनीवरून दर्याकडे मतलई वाहतो, म्हणजे मराठ्यांच्या पाठीवर वारा. नाखवांनी वाळूत काडीने किनारा काढला. इथे चौल, इथे नागाव, ही आक्षी, हे अलिबाग, आणि ही वर उत्तरेला खांदेरी. मतलई येतो पूर्वेकडून. "पाटीवर कुठं? उजव्या अंगावर. आडवा." शीड भरतं, पण होरी पुढे जाते तशी दर्याच्या बाजूलाही सरकते, म्हणून वल्हं पाहिजेच. आणि वल्हं मारणारे पाहिजेत.

ते कोण होते, हे मी विचारलं. नाखवा हसले नाहीत. "आमीच," म्हणाले. "दोनी बाजूला आमीच."

हे मला आधी सुचलं नव्हतं. इंग्रजांच्या ताफ्यात रिव्हेंज विलायती पद्धतीचं, पण त्याच्याबरोबर गुराबा, शिबाडं, मचवे होते, म्हणजे याच किनाऱ्याच्या बांधणीची गलबतं. डव्हसुद्धा गुराबच. अशी गलबतं चालवायला हे पाणी ओळखणारे हात लागतात. रिव्हेंजने मराठ्यांची पाच गलबतं बुडवली असं इंग्रजांच्या बाजूचं सांगणं आहे. पाच गलबतं म्हणजे किती वल्हेकरी? सरांना विचारलं तर त्यांनी मान हलवली. मायनाक भंडारीचं नाव आपल्याकडे आहे, दौलतखानाचं आहे, थॉर्प, मिंचिन, केग्विनचं आहे. वल्ह्यावरच्या एकाचंही माझ्या वहीत नाही. कार्यक्रमात त्यांच्यासाठी एक मिनिट शांत बसायचं, हे मी तेव्हाच ठरवलं आणि बैठकीत कुणी विरोध केला नाही.

१५ ऑक्टोबरला, वसुबारसेच्या दोन दिवस आधी, अश्विन वद्य नवमीच्या सुमारास आम्ही पहाटे साडेचारला आक्षीच्या खाडीतून निघालो. नाखवा, त्यांचा भाचा, कमांडर साहेब आणि मी. सरांना गुडघ्यांमुळे येता आलं नाही. खाडीत पाणी होतं. फार नव्हतं, पण बोट कुठेही न अडता दांड्याच्या बाजूने बाहेर पडली, आणि साहेबांनी अंधारातच घड्याळ बघून वेळ वहीत टिपली.

अलिबागचे दिवे उजवीकडे आले तेव्हा नाखवांनी मशीन बंद केलं.

एवढी शांतता मी दर्यात कधी ऐकली नव्हती. आणि मग उजव्या गालावर वारा लागला. गार, कोरडा, त्याला शेणाचा आणि कापलेल्या भाताचा वास होता. दर्यात उभं राहून शेताचा वास. साहेबांनी पदर धरायला सांगितला. मी ओढणीचं टोक वर धरलं, ते सरळ पश्चिमेकडे गेलं.

भाच्याने दोन बांबूंमध्ये निळी ताडपत्री बांधून आणली होती. ती उभी केली तशी ती फट्‌कन फुगली. बोट हलली. साहेबांच्या हातातल्या यंत्रावर वेग एक नॉटपेक्षा थोडा वर गेला. पण नाळ उत्तरेला राहीना. नाखवा सुकाणू दाबून धरत होते, तरी आम्ही पश्चिमेला, उघड्या दर्याकडे घसरत होतो. मग भाच्याने आणि नाखवांनी एकेक वल्हं घेतलं. दहा-बारा हात मारल्यावर तोंड वळलं, खांदेरीच्या दीपगृहाचा झोत समोर आला आणि समोरच राहिला. वल्ह्याच्या प्रत्येक हाताला नाखवांच्या तोंडून बारीक हुंकार येत होता. साठीच्या पुढचा माणूस. पाव तासात त्यांचा सदरा भिजला. त्या पहाटे नागावपासून खांदेरीपर्यंत असं मारत यायचं आणि पोचल्यावर लढाई सुरू व्हायची.

"पाण्याला ओढ नाही," साहेब म्हणाले. त्यांनी कागदाचा बोळा पाण्यात टाकला होता. तो जवळजवळ जागच्या जागी डुलत होता.

उजाडलं तेव्हा खांदेरीच्या दोन्ही टेकड्या स्पष्ट झाल्या, आणि पलीकडे उंदेरी. ते उंदेरी १६८० च्या जानेवारीत सिद्दी कासमने घेऊन बांधलं आणि खांदेरीच्या डोळ्यासमोर कायमचा काटा ठेवला. इंग्रज आणि सिद्दी खांदेरीविरुद्ध एकत्र होते, पण खांदेरी पडली तर ती सिद्दी गिळेल ही इंग्रजांना धास्ती होती. साहेबांच्या मते मराठ्यांना त्या धास्तीचाही उपयोग झाला.

बेटावर आम्ही दोन तास होतो. १८६७ चं दीपगृह, गाड्यांवर बसवलेल्या तोफा, तटाचे दगड. नाखवांनी वेताळाला नारळ फोडला. एका तोफेच्या तोंडाशी साहेब वाकून बराच वेळ तिच्या रोखाने बघत राहिले. मी मुद्रण चालू ठेवलं होतं, पण कुणीच फारसं बोललं नाही.

नऊनंतर मतलई पडला. पाणी तेलासारखं झालं. बोटीत बसल्यावर साहेबांनी माझ्याकडे नाही, नाखवांकडे बघून विचारलं, "आले कसे ते कळलं. परत कसे गेले?"

नाखवांनी आभाळाकडे बघितलं आणि भाच्याला चहा काढायला सांगितला. आम्ही थांबलो. अकराच्या पुढे पाण्यावर पश्चिमेकडून काळसर चट्टे दिसायला लागले, चुरगळलेल्या कापडासारखे. ते जवळ आले. मग ताडपत्री फडफडली आणि उलट्या बाजूने फुगली, आणि बोट मशीन न लावता किनाऱ्याकडे सरकायला लागली.

"रोज जातंव तसेच," नाखवा म्हणाले. "आनि तो मोटा जहाज पन त्याच वाऱ्यावर मागं आला आसंल."

साहेबांनी वहीत लिहिलं, मग खोडलं, मग परत लिहिलं. काय लिहिलं ते मी विचारलं नाही.

पाडव्याला अंगणात सतरंज्या कमी पडल्या. ध्वनिमुद्रणात तो शेवटचा भाग आहे त्यात ताडपत्रीचा आवाज इतका मोठा आहे, की नाखवांचं वाक्य अर्धं बुडतं. मुद्रण करणाऱ्या मुलाने तो आवाज काढून देतो म्हणून सांगितलं होतं. मी नको म्हटलं.